मुक्कामावरील उंदीर

महसूल खात्यातला माणूस उंदरांविषयी बोलणार म्हटल्यावर ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक सूचक स्मित उमटते. जुने प्रकरण उंदरांनी खाल्ले, ही सबब सरकारी कचेऱ्यांतून इतक्या वेळा दिली गेली आहे की, ती खरी असण्याचा संभव आता कोणी गृहीतच धरीत नाही. ती सबब पुन्हा सांगण्यासाठी मी आज आपल्यासमोर आलेलो नाही. एका प्रकरणात ती अक्षरशः खरी होती आणि तरीही दोष उंदराचा नव्हता, एवढेच मला सांगावयाचे आहे. ते सांगताना ओघाने मी आपल्याला पार कावेरीच्या काठी, तिरुवैयारूपर्यंत नेणार आहे. कारण जे कोकणातल्या एका म्हातारीने मला एका वाक्यात सांगितले होते, ते नीट उमजायला मला तिथवर जावे लागले.

उंदराची आणि माझी पहिली ओळख मात्र सह्याद्रीतली. एम. ए.च्या वर्गात असताना आम्ही चौघे मित्र सुटी मिळाली की गडांच्या वाटेला लागत असू. रतनगडावरच्या गुहेत एका हिवाळी रात्री आम्ही पथारी पसरली. शेंगदाण्याच्या चिक्कीचा पुडा मी पाठीवरच्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवला, कप्प्याचे तोंड नीट बंद केले, त्यावर कपडे कोंबले आणि ती पिशवी उशाला घेतली. वस्तू डोक्याखाली असली म्हणजे ती सुरक्षित असते, ही समजूत माणसाने कोठून घेतली कोण जाणे! पहाटे जाग आली तेव्हा पिशवीच्या कुशीला रुपयाएवढे गोल, सुबक भोक पडलेले होते. त्या भोकातून आत, कपड्यांच्या तीन घड्यांतून आरपार, अगदी चिक्कीपर्यंत एक बोगदा गेलेला होता. चिक्की फारशी खाल्लेली नव्हती. एवढा खटाटोप करून त्या प्राण्याने गुळाचे दोन कोपरे कुरतडले आणि तो निघून गेला. माझा एकुलता एक लोकरी सदरा मात्र कायमचा कामातून गेला.

आम्ही त्या वेळी हसलो. आता विचार करतो तेव्हा वाटते, त्या भोकात सगळे शास्त्र होते. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात आणि ते झिजवणे त्याला भागच असते, हे शाळेच्या पुस्तकात आपण वाचलेले असते. पण तो कुरतडतो तो केवळ दात झिजवण्यासाठी नव्हे. त्याचे नाक त्याला नेमकी जागा सांगते आणि वाट बंद असेल तर तो वाट पाडतो. म्हणून मुरलेला गिर्यारोहक एक गोष्ट करतो, ती नवख्याला उलटी वाटते. रात्री तो पिशवी पूर्ण रिकामी करतो आणि तिचे सगळे कप्पे उघडे टाकून ठेवतो. उंदीर येतो, आत फिरतो, काही मिळत नाही असे पाहून त्याच तोंडाने बाहेर पडतो. पिशवी शाबूत राहते. बंद दार हे उंदराच्या दृष्टीने निमंत्रण असते. सरकारी कपाटांविषयीही मला कधीकधी असेच वाटते, पण तो विषय आजचा नव्हे.

आता ज्या प्रकरणाचा उल्लेख मी सुरुवातीला केला, त्याकडे वळतो.

जुलै २००५. त्या महिन्याच्या अखेरीस मुंबई आणि कोकण यांच्यावर जो पाऊस कोसळला, तो श्रोत्यांपैकी पुष्कळांना आठवत असेल. मी नोकरीत अगदी नवा होतो. रायगड जिल्ह्यातल्या एका तालुक्यात पूरग्रस्तांचे पंचनामे करण्याच्या कामावर माझी नेमणूक झाली. रस्ते वाहून गेलेले, वीज नाही, दूरध्वनी नाही. आम्ही वाडीवाडीतून पायी फिरत होतो आणि रात्र पडेल तेथे शाळेच्या व्हरांड्यात किंवा देवळात मुक्काम करीत होतो.

एका वाडीत एक विधवा म्हातारी माझ्याकडे आली. तिच्या घराची मागची भिंत ओढ्याने नेली होती. तिने पदराखालून एक पत्र्याची पेटी काढली. पेटीत नवऱ्याच्या नावचे खरेदीखत होते, घरपट्टीच्या जुन्या पावत्या होत्या आणि मृत्यूचा दाखला होता. घरात कमरेएवढे पाणी शिरले तेव्हा ही पेटी आढ्याला टांगलेली होती, म्हणून वाचली. तांदूळ वाहून गेला, भांडी गेली, कोंबड्या गेल्या, पण हे कागद कोरडे राहिले. ती ते मोठ्या अभिमानाने दाखवीत होती. मी त्यांच्या नकला घेऊन मूळ कागद तिला परत द्यावयास हवे होते. पण छायाप्रत काढायला वीज नव्हती आणि हाताने नक्कल करायला मला त्या संध्याकाळी कंटाळा आला. "दोन दिवसांत परत पाठवतो," असे म्हणून मी ते कागद घेतले आणि माझ्या खांद्यावरच्या पिशवीत ठेवले. पेटी तिची तिलाच परत दिली.

त्या रात्री गावातल्या एका घरून आलेली भाकरी आणि सुकटीची चटणी मी अर्धीच खाल्ली. उरलेली भाकरी फडक्यात बांधली आणि पिशवीत टाकली. त्याच पिशवीत.

पुढचे मी लांबवीत नाही. पुराने बिळांतून बाहेर काढलेले उंदीर त्या दिवसांत उंच जागा शोधत असतात, आणि त्या वाडीत सर्वांत उंच आणि कोरडी जागा आमची शाळाच होती. सकाळी भाकरी नव्हतीच, खरेदीखताचा मधला भाग नव्हता, आणि मृत्यूच्या दाखल्याच्या जागी कागदाचा भुसा होता. मी तिच्याकडे गेलो तेव्हा काय बोलावे ते मला सुचत नव्हते. ती रडली नाही, ओरडली नाही. पिशवीतल्या भोकाकडे पाहून इतकेच म्हणाली, "भाकरी शिक्यात ठेवायची साहेब, कागदासंगती नाय."

खरेदीखताची प्रमाणित नक्कल नोंदणीच्या दप्तरातून मिळाली, मृत्यूची नोंदही सापडली. पण पुराच्या त्या धामधुमीत याला महिने लागले. मी जमेल तेवढ्या खेपा घातल्या, पत्रे लिहिली, एकदोन ठिकाणी हात जोडले. मदत मंजूर झाली, परंतु पुढचा पावसाळा तिने मागच्या बाजूला ताडपत्री लावूनच काढला. जुन्या पोथ्यांच्या अखेरीस लेखनिक वाचकाला एक विनंती करीत असत, ती इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक असते. तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून पोथीला जपा, आणि मूर्खाच्या हाती ती देऊ नका, असा तिचा आशय असतो. तीत उंदराचे नाव मला आढळत नाही. त्या रात्री मी कोणत्या सदरात मोडत होतो, हे मला पुरते कळून चुकले होते.

यानंतर बऱ्याच वर्षांनी आम्ही उभयता तिरुवैयारूला गेलो. माझी पत्नी कर्नाटक संगीत शिकते आणि पौष वद्य पंचमीला त्यागराजांच्या आराधनेस एकदा तरी हजर राहावे, अशी तिची इच्छा होती. तंजावरच्या उत्तरेस बारातेरा किलोमीटरवर कावेरीच्या काठी वसलेले हे लहानसे गाव. पाच नद्यांचे पवित्र स्थान, असा त्याच्या नावाचा अर्थ. कावेरी आणि तिच्यापासून फुटलेल्या शाखा यांनी हा सगळा मुलूख इतका विणून काढलेला आहे की, रस्त्याने जाताना दर थोड्या अंतरावर पूल लागतो आणि प्रत्येक वेळी 'ही कोणती?' असे विचारावे लागते. महाराष्ट्रीय माणसाला या भागात परके वाटण्याचे कारण नाही. व्यंकोजीराजांपासून १८५५पर्यंत येथे भोसल्यांची गादी होती, आणि १७६७ ते १८४७ हे त्यागराजांचे अवघे आयुष्य त्या काळातच गेले. आराधनेच्या सकाळी नदीकाठच्या मंडपात शेकडो गायक-वादक जमिनीवर बसून पंचरत्न कृती एका स्वरात गातात. त्याचे वर्णन मी करीत नाही. ते ऐकण्याचे काम आहे.

उत्सवात उतरण्याची सोय मिळणे कठीण. ओळखीच्या ओळखीने एका निवृत्त शिक्षकांच्या घरी आम्हाला ओसरीलगतची एक खोली मिळाली. घर जुने, कौलारू, मागे शेत. मास्तरांच्या मातोश्री ऐंशीच्या घरातल्या. आम्ही पिशव्या जमिनीवर ठेवताच त्या पुढे आल्या आणि खूण करून विचारू लागल्या, की यात खाण्याचे काही आहे का? होते. घरून आणलेले लाडू होते, वाटेत घेतलेली केळी होती. त्यांनी ते सगळे काढून घेतले आणि स्वयंपाकघरात नेऊन तुळईला टांगलेल्या दोरीच्या जाळीतल्या मडक्यात ठेवले. मी पाहतच राहिलो. ते आपले शिंके होते. तमिळमध्ये त्याला 'उरी' म्हणतात, आणि गोकुळाष्टमीला आपण दहीहंडी फोडतो तशी तिकडे 'उरियडी' होते. बाळकृष्णाचे लोणी शिंक्यावर ठेवलेले असे हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण ते कृष्णापासून दूर ठेवण्यासाठी टांगलेले होते, असेच आपल्याला वाटत राहते. गोकुळातल्या गवळणींना कृष्ण जन्मण्याच्या आधीपासून उंदीर ठाऊक असणारच!

रात्री मला खसखस ऐकू आली आणि मी दचकून उठून बसलो. भिंतीच्या कडेकडेने एक लांब तोंडाचा प्राणी चिक् चिक् करीत पळाला. मास्तर हसून म्हणाले, "त्याला काही करू नका. ती मूंजूरु." म्हणजे आपली चिचुंद्री. ती दिसायला उंदरासारखी असली तरी त्याच्या कुळातली नव्हे. तिचा आहार किड्यामुंग्यांचा. तिने आपल्या सामानाचे काही बिघडवायचे नसते, फक्त वास मागे ठेवायचा असतो. तंबूत राहणाऱ्यांनी ही ओळख अवश्य करून घ्यावी, म्हणजे निष्कारण काठी उचलली जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मास्तर मला शेतावर घेऊन गेले. जानेवारीत तिकडचे सांबा नावाचे लांब मुदतीचे भातपीक पिकून कापणीला येते. उंदरांचीही तीच सुगी. शेतातली लहान जातीची घूस बांधांतून बिळे खणते, नुसती खाऊन थांबत नाही, तर भाताची कणसे तोडून बिळातल्या कोठारात भरून ठेवते. घुशीला इंग्रजीत जो शब्द आहे, 'बँडिकूट', तो मूळचा तेलुगूतला. 'पंदिकोक्कु', म्हणजे डुकरासारखा उंदीर. परकीयांना नावही येथूनच न्यावे लागले, यावरून या प्राण्याचा या भूमीवरचा अधिकार लक्षात यावा.

बांधावर एक वृद्ध गृहस्थ बांबूची पाचपन्नास लहान धनुष्ये घेऊन बसले होते. हाच तो तंजावरचा प्रसिद्ध सापळा. त्याला तिकडे 'किट्टी' म्हणतात आणि शेतकी शास्त्रावरच्या पुस्तकांतूनही तो तंजावरच्याच नावाने ओळखला जातो. बांबूची कांब वाकवून तिला दोरी ओढून बांधलेली, मधे आमिषाची जागा, आणि आमिषाला जोडलेली एक इवलीशी खिट्टी. उंदराने आमिष ओढले की खिट्टी सुटते, वाकलेला बांबू सरळ व्हायला धावतो आणि उंदराची मान दोरीखाली आवळली जाते. लोखंड नाही, खिळा नाही, विष नाही. दिवस मावळताना सापळे लावायचे, पहाटे उचलायचे, आणि शेतकऱ्याने मेलेले उंदीर मोजून मजुरी द्यायची. त्या वृद्ध गृहस्थांचे कसब सापळ्यात नव्हते, जागा निवडण्यात होते. ते वाकून चिखलातली पावले पाहत, अर्धवट तुटलेली ताटे पाहत, आणि मग एखाद्या ठिकाणी सापळा ठेवीत. मला तेथे काहीच दिसत नसे. सकाळी पाहावे तो त्यातल्या बहुतेकांत उंदीर.

'किट्टी' हा शब्द ऐकून मी थोडा अस्वस्थ झालो होतो, त्याचे कारण सांगतो. मद्रास इलाख्यात शेतसारा वसूल करताना रयतेचा छळ होतो, या तक्रारीची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८५५ साली प्रसिद्ध झाला. त्यात छळाच्या साधनांत 'किट्टी'चे नाव येते. दोन लाकडी काठ्यांमध्ये माणसाची बोटे धरून त्या दाबीत जाण्याचे ते साधन. एकाच नावाची दोन उपकरणे, एक रयतेने उंदरासाठी लावलेले, दुसरे वसुलीच्या माणसांनी रयतेसाठी. महसूल खात्यात वीस वर्षे काढलेल्या माणसाने त्या बांधावर उभे राहून याचा विचार केला नसता, तर तो निगरगट्ट म्हणावा लागला असता.

मास्तरांमार्फत मी त्या वृद्ध गृहस्थांना माझी रायगडची हकिकत सांगितली. का सांगितली, कोण जाणे. त्यांनी ती शांतपणे ऐकली आणि एकच प्रश्न विचारला. ते भोक पिशवीला खालून होते की बाजूने? मी म्हटले, बाजूने, भिंतीकडच्या अंगाने. त्यांनी मान हलवली. उंदीर उघड्यावरून येत नाही, तो कडेने येतो, असे त्यांचे म्हणणे. भिंत, बांध, दोरी, ओंडका, कशाच्या तरी अंगाला अंग घासत तो चालतो. तुम्ही पिशवी भिंतीला टेकवून ठेवली, तेव्हाच तिची वाट तयार झाली.

श्रोतेहो, गडावर किंवा रानवाटेवर मुक्काम करणाऱ्यांना उपयोगी पडणाऱ्या पुष्कळ गोष्टी या एका वाक्यातून निघतात. सामान गुहेच्या भिंतीशी, चौथऱ्याच्या कडेशी ठेवू नये. तंबू उभारायचा तर जेथे रोज कोणी ना कोणी जेवते त्या जागेपासून थोडा दूर उभारावा. घरातला लहान उंदीर आपल्या बिळापासून फार लांब जात नाही, त्याचा संसार काही मीटरांच्या घेऱ्यात चालतो. त्यामुळे जेथे माणसांचे खरकटे नित्य सांडते तेथेच त्याची दाट वस्ती असते. गडावरच्या देवळात झोपणे आणि पन्नास पावलांवर उघड्यावर झोपणे यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो, हा माझा अनुभव आहे.

अमेरिकेत ॲपलाचियन पर्वतरांगेतून जॉर्जियापासून मेनपर्यंत साडेतीन हजार किलोमीटर लांबीची एक पायवाट आहे. तिच्यावर ठिकठिकाणी तीन बाजूंनी बंद अशा लाकडी पडव्या बांधलेल्या आहेत, आणि त्या पडव्यांतले उंदीर पदयात्रिकांत प्रसिद्ध आहेत. तेथले लोक काय करतात? छपराच्या तुळईला दोरी बांधतात, दोरीच्या मध्यावर एक रिकामा पत्र्याचा डबा पालथा ओवतात आणि खाली पिशवी टांगतात. उंदीर दोरीवरून सरसर उतरतो, डब्यावर येतो, आणि तेथे त्याची वाट खुंटते. डब्याची कड ओलांडून खालची दोरी त्याला धरता येत नाही. बंदरात उभ्या असलेल्या जहाजांच्या दोरखंडांवर गोल तबकड्या बसवलेल्या आपण पाहतो, त्यांचाही हेतू हाच. सारांश, हे आपले शिंकेच. त्याच्या डोक्यावर फक्त एक छत्री आली. मी स्वतः नारळाच्या अर्ध्या करवंटीला भोक पाडून तिची छत्री करतो. ती हलकी असते, तुटली तर शोक होत नाही. मोठ्या घुशीपुढे मात्र करवंटी अपुरी पडते, तेथे जुनी ताटलीच हवी.

डबा कोणता असावा, याबद्दल माझे मत ठाम आहे. पोलादी. प्लास्टिकचा डबा कितीही जाड असला तरी त्याच्या कडेला दाताची पकड मिळाली की त्याचे काय होते, ते मी पाहिले आहे. दुकानांत हल्ली गिर्यारोहणाचे परदेशी बनावटीचे भारी सामान मिळते, त्यावर पुष्कळ आश्वासने छापलेली असतात. पण आईने शाळेत दिलेला, घट्ट झाकणाचा पोलादी डबा अजून कोणत्याही उंदराने उघडलेला माझ्या ऐकिवात नाही. फटीचे गणितही लक्षात ठेवण्यासारखे आहे. लहान उंदराला पेन्सिल शिरेल एवढी फट पुरते, मोठ्याला अंगठा शिरेल एवढी. तंबूचे दार 'जवळजवळ' बंद असणे म्हणजे ते उघडे असणेच होय. पुदिन्याचे तेल, कापराच्या वड्या, कानाला न ऐकू येणारा आवाज काढणारी यंत्रे, यांच्यावर माझा भरवसा नाही. पहिल्या रात्री उंदीर थोडा बिचकतो आणि दुसऱ्या रात्री सरावतो. विष तर मुक्कामावर कधीच वापरू नये. विष खाल्लेला उंदीर घुबडाच्या पोटात जाऊ शकतो. तंजावरकडचे शेतकरी घुबडांना बसायला सोयीचे व्हावे म्हणून शेतात आडवी काठी ठोकलेले खांब रोवतात. ज्याला बसायला आसन द्यायचे, त्याच्याच ताटात विष कसे वाढायचे?

हा सगळा खटाटोप केवळ चिक्कीसाठी किंवा सदऱ्यासाठी आहे, असे कोणी समजू नये. २०१२ साली अमेरिकेतल्या योसेमिटी उद्यानात तंबूवजा खोल्यांच्या दुहेरी भिंतींत उंदरांनी घरटी केली होती. त्यांच्या मलमूत्रातून पसरणाऱ्या हंता नावाच्या विषाणूचा संसर्ग त्या वर्षी उद्यानातल्या दहा पाहुण्यांना झाला आणि तिघे दगावले. त्यांतले बहुतेक याच खोल्यांत उतरलेले होते. आपल्याकडे लेप्टोचे भय अधिक जवळचे. २००५च्या त्याच पुरानंतर मुंबईत या रोगाने माणसे गेली. उंदराच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून, पायावरच्या साध्या ओरखड्यातून तो शरीरात शिरतो. म्हणून गुहेत लेंड्या दिसल्या तर कोरड्या झाडूने त्या उडवू नयेत. आधी जागा भिजवावी, नाका-तोंडावर फडके बांधावे, मग पुसून काढावी. गडावरच्या टाक्याचे पाणी उकळूनच प्यावे. आणि उंदराच्या मागोमाग साप येतो, हे तर आपल्या आज्यांनी सांगितलेलेच आहे. जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते, तेव्हा पुष्कळदा त्याला जागसुद्धा येत नाही. उशाशी खाऊ ठेवून झोपणे म्हणजे कोणाकोणाला बोलावणे धाडणे आहे, याचा विचार व्हावा.

परतीच्या दिवशी आम्ही तंजावरला सरस्वती महाल ग्रंथालय पाहिले. दुसऱ्या सरफोजी राजांनी, म्हणजे १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेल्या त्या विलक्षण पुरुषाने वाढवलेला हा संग्रह. ताडपत्रे, पोथ्या, आणि मोडी कागदपत्रांचे रुमाल. कसरीपासून पोथ्या राखण्यासाठी तेथे वेखंड, मिरी, लवंग, दालचिनी, कापूर अशा पदार्थांच्या पुरचुंड्या ठेवण्याची जुनी पद्धत आहे. याच राजाने १८२०च्या सुमारास काही हजार माणसांचा लवाजमा घेऊन काशीयात्रा केली होती. कावेरीपासून गंगेपर्यंत तंबू ठोकत आणि उठवीत जाताना त्या तळावरच्या शिधासामग्रीच्या गाड्यांत किती उंदीर शिरले असतील आणि किती कारकुनांनी कपाळाला हात लावला असेल, याची कल्पना करीत मी त्या दालनांतून फिरत होतो. दौऱ्यावरचा कारकून शेवटी कोणत्याही राज्यात कारकूनच.

मग आम्ही बृहदीश्वराच्या देवळात गेलो. तेथे भिंतीच्या दगडावर मराठीत भोसले वंशाचा इतिहास कोरलेला आहे. सरफोजींनी तो १८०३ साली कोरवून घेतला. ओळीमागून ओळ, भिंतीमागून भिंत. ते वाचत जाताना पुष्कळ विद्वानांना पुष्कळ काही सुचले असेल. मला मात्र हेच सुचले की, या मनुष्याने कागदाचा स्वभाव ओळखला होता. दगडाला वाळवी लागत नाही, पूर नेत नाही, आणि त्यावर कोणी भाकरी बांधून ठेवत नाही. पण रायगडच्या डोंगरातल्या म्हातारीला दगडावर खरेदीखत कोरून कोण देणार? तिच्याजवळ आढे होते आणि पत्र्याची पेटी होती. तिने आपले काम चोख केले होते. तिचे कागद पुरातून वाचले, ते माझ्या पिशवीतून वाचले नाहीत.

तेव्हापासून दौऱ्यावर माझ्याजवळ दोन वेगळी पात्रे असतात. कागद पत्र्याच्या पेटीत आणि जेवण पोलादी डब्यात, आणि ती दोन्ही रात्री एका खुंटीला कधी लागत नाहीत. हाताखालचे तरुण सहकारी प्रथम याला साहेबांचा विक्षिप्तपणा समजतात. कागदांची छायाचित्रे हल्ली खिशातल्या यंत्रावर क्षणात निघतात, मग हे अवडंबर कशाला, असेही ते विचारतात. छायाचित्रे जरूर काढावीत, मीही काढतो. पण मूळ कागद ज्याचा आहे त्याला तो कागदच परत हवा असतो. नवऱ्याच्या अंगठ्याची शाई ज्यावर उमटली तो.

गेल्या वर्षी कामानिमित्त त्या तालुक्यात जाण्याचा योग आला. वाट वाकडी करून मी त्या वाडीत गेलो. म्हातारी आता नाही. घर पक्के झाले आहे, पण पुढच्या पडवीला जुनी लाकडेच ठेवली आहेत. मी कोण, हे सांगितल्यावर सुनेने मला ओळखले की नाही, ते कळले नाही. तिने बसायला दिले आणि ऊन उतरेपर्यंत थांबा, भाकरी खाऊन जा, म्हणाली. माझी नजर वर गेली. आढ्याच्या एका टोकाला तीच पत्र्याची पेटी तारेने टांगलेली होती. सुनेने हात उंचावला आणि दुसऱ्या टोकाच्या शिंक्यातून भाकरीची टोपली खाली काढली.